थोरल्याचं बी

१४ सप्टेंबर

ताईस,

नमस्कार लिहायची रीत आहे, म्हणून तो इथे आहे असं समजा. मी आज तुम्हाला 'तुम्ही' म्हणतोय. जन्मात कधी म्हटलं नाही, पण परक्या माणसाला अरेतुरे करू नये असं आईनेच शिकवलंय.

फोन तुम्ही उचलत नाही. बरंच आहे. तोंडाने बोललो असतो तर काय बोललो असतो याचा नेम नाही, आणि आईला जाऊन अजून महिना व्हायचाय. हातात पेन असलं की माणूस जरा ताळ्यावर राहतो.

एकच विचारायचंय. थोरल्याचं बी कुठे टाकलंत?

थोरला कोणता ते तुम्हाला सांगावं लागू नये. तरी सांगतो, कारण तुम्ही विसरला असाल एवढी एकच शक्यता मला तुमच्या बाजूने दिसते. बाबा पाणीपुरवठ्यात होते तेव्हा एका म्हाताऱ्या फिटरने त्यांना मोठ्या टोमॅटोच्या सात बिया दिल्या. त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. तेव्हापासून आपल्या परसात दरवर्षी तोच टोमॅटो. झाडाला पहिलं जुळं फूल आलं की ते ठेवायचं, बाकीची खुडायची, बगलेतले फुटवे काढायचे, म्हणजे झाडाचा सगळा जीव एका फळात उतरतो. फळ दोन मुठींएवढं झालं की त्याला जुन्या चादरीची झोळी बांधायची. झोळी बांधली की तो थोरला. मग त्याला कुणी हात लावायचा नाही. देठावरून आपोआप सुटून झोळीत मऊ पडेल तेव्हाच बी काढायचं आणि गर त्याच झाडाच्या मुळाशी पुरायचा. 'थोरला देवाचा, मागचे आपले,' असं बाबा म्हणायचे, आणि तुम्ही दोन वेण्या घालून मान डोलवायचात. मी पाहिलंय.

थोरला गेला त्या दिवशी माझ्या काटेदुरुस्तीच्या दुकानात सरकारी माणूस वजनकाट्यांवर शिक्के मारायला आला होता. तीसेक दुकानदारांचे काटे ओळीने मांडलेले, मला दुपारी जेवायलासुद्धा येता आलं नाही. संध्याकाळी आलो, सायकल भिंतीला लावली आणि रोजच्यासारखा आधी परसात गेलो. झोळी रिकामी. देठ कात्रीने नीट कापलेला. स्वयंपाकघरात ताटली धुऊन उपडी घातलेली. आई खिडकीशी डोळे मिटून पडलेली आणि तुम्ही तिचे पाय चेपत बसलेल्या. मी विचारलं, "थोरला कुठाय?" तुम्ही म्हणालात, "आईने खाल्ला." दूध उतू गेलं हे सांगावं तसं सांगितलंत. मी म्हटलं, "आणि बी?" तुम्ही पाय चेपत राहिलात.

चार दिवसांनी आई गेली.

बाबांनी हे बी बाहेर कुणाला दिलं नाही, मीही नाही. तुमच्याकडे चिमूटभर उरलं असेल, कागदाला चिकटलेलं, रुमालात, कुठेही, तर पाठवा. तिकीट लावून पाकीट सोबत जोडलंय. पत्ता घातलाय, तेवढीही तसदी नको.

तुमचा कोणीही नसलेला,
धाकटा

६ ऑक्टोबर

ताई,

पाकीट आलं. माझंच तिकीट, माझ्याच अक्षरातला माझा पत्ता. उजेडाला धरून पाहिलं, मग फोडलं. आत बी नाही. चिठ्ठी. "बी नाही. पुन्हा विचारू नकोस. दारात दहा माणसांसमोर काय बोललास ते पत्रात लिहायचं राहिलं वाटतं."

'तुम्ही' मला झेपत नाही, सोडून देतो. रागावायला 'तू'च बरं पडतं.

हो, बोललो. चोर म्हटलं. या घराची पायरी पुन्हा चढू नकोस म्हटलं. भाऊजींनी तुझी पिशवी उचलली आणि माझ्याकडे न बघता तुला म्हणाले, "चल." तू वळूनही पाहिलं नाहीस. मला वाटलं होतं, तू उलटून बोलशील. लहानपणापासून माझ्या एका शब्दाला तुझे चार असायचे. त्या दिवशी चारातला एकही का नव्हता? चोराला बोलायला तोंड नसतं म्हणून, असं मी समजलो. अजून तसंच समजतो.

आमची ही म्हणते, "आईंना पोचवून आल्यावर टोमॅटोवरून भांडणारा माणूस दुसरीकडे मिळायचा नाही. जपून ठेवायचं दुर्मीळ बी ते तुम्हीच." तिला हसण्यावारी नेता येतं. तिच्या बापाने तिच्या हातात काही सोपवलेलं नाही.

मी रोज सकाळी देवापुढे बसतो आणि म्हणतो, हा राग ने. तो नेत नाही. मूठ उघडल्याशिवाय तो तरी काय नेणार? पण मी मूठ उघडणार नाही. एक्केचाळीस वर्षं टिकलेली वस्तू तू एका दुपारी संपवलीस.

जुनं बी असेल की, असं म्हणशील. होतं. उंदरांनी खाल्लं.

धाकटा

२३ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र आल्यावर मी दोन दिवस दुकान उघडलं नाही. लोक काटे घेऊन येत होते आणि कुलूप बघून जात होते.

"आपल्या घरात उंदीर? आईच्या मांजरीच्या राज्यात? खोटं बोलणं तुला कधीच जमलं नाही, दगडोबा." असं लिहितेस. दगडोबा म्हणू नकोस. तो हक्क तू गमावलास.

बरं. उंदीर नव्हते. जुनी पुडी मीच टाकली. जुलैत थोरला असा भरत होता की मी रोज त्याच्यापुढे उभा राहून नुसता बघायचो. बाबांच्या काळातही एवढं फळ आलं नव्हतं. डबा घासायला काढला होता, तळाशी पुडी होती, बी काळपट दिसत होतं. म्हटलं, आता हे कशाला, महिन्याभरात नवं ताजं हाती येतंय. दिली केराच्या बादलीत. बाबा नवं बी वाळून पुडीत जाईपर्यंत जुन्याला हात लावत नसत. आणि मी काट्यांचा माणूस. दुकानादुकानात जाऊन सांगतो, काटा दोनदा बघितल्याशिवाय भरवसा ठेवू नका. झालं समाधान?

पण माझ्या चुकीने तुझी धुतली जात नाही.

पुढे तू विचारतेस, "गर खाऊन बी ठेवता येत नव्हतं का? गर तोंडात जातो, बी वाटीत काढतात. यात देवाचं काय अडतं?" अडतं. झोळीत मऊ पडल्याशिवाय बी पिकत नाही. बाबांनी सांगितलेलं आहे.

हे वाक्य लिहिलं आणि मग वाचून बघितलं. पिकून लाल झालेल्या टोमॅटोचं बी पिकलेलं असतं. मला ते माहीत आहे. बाजारच्या टोमॅटोचं बी उकिरड्यावरसुद्धा रुजतं, तिथे कोण झोळी बांधायला जातं? बाबांना कुणी विचारलं नाही, मला कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. तू पन्नाशी उलटल्यावर आज विचारतेस. आणि हे सगळं ठाऊक होतं तर तू का नाही काढलंस वाटीत? तुझा प्रश्न तुझ्यावरच उलटतो, कळतंय का? गर तिला भरवायचा आणि बी माझ्यासाठी ठेवायचं. पाच मिनिटांचं काम. ते का केलं नाहीस?

याचं उत्तर दे. दुसरं काही लिहू नकोस.

धाकटा

२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. मग मीच लिहितो. तुला कळवायलाच हवं असं काही नाही, पण दुसऱ्या कुणाला याचं महत्त्व कळणार नाही.

दुकानात माझ्याकडे बारीक वजनांची एक लाकडी पेटी आहे, सोनाराच्या काट्यासाठीची. मखमलीच्या खाचांत वजनं बसतात, चिमट्याने उचलायची. गेल्या महिन्याच्या सुरुवातीला सर्वांत लहान वजन उचललं, तर खाचेच्या तळाशी काहीतरी चिकटलेलं. टोमॅटोचं बी. नऊ. सहा-सात वर्षांपूर्वी एका बीचं वजन किती भरतं हे बघायला मी थोडं बी नेलं होतं आणि विसरून गेलो होतो. मी पेटी तशीच छातीशी धरून घरी आलो. रस्त्यात दोघांनी विचारलं, कोण गेलं म्हणून.

नऊच्या नऊ पेरली, स्वयंपाकघराच्या खिडकीत, जुन्या चहाच्या डब्यात. अकरा दिवस काही नाही. बाराव्या दिवशी एक वर आलं, मग आणखी दोन. एक मानेशी कुजलं, एक मीच जास्त पाणी घालून मारलं. एक उभं आहे. आज त्याला खरं पान फुटलं.

एक. काडीएवढं. तुझ्यामुळे मला काडीपुढे गुडघे टेकून बसावं लागतंय.

ही म्हणाली, "ताईंना कळवा." मी म्हटलं, "कशाला, हेही कापायला येईल." ती म्हणाली, "मग कळवू नका," आणि टेबलावर पाकीट ठेवून गेली.

धाकटा

११ मे

ताई,

झाड माझ्या खांद्याला लागलंय. पहिलं जुळं फूल गळून गेलं, दोन दिवस कडक वारा होता. मी परसात उभा राहून वाऱ्याला शिव्या दिल्या. शेजारच्या मास्तरांनी भिंतीवरून डोकं काढून विचारलं, "कुणाशी बोलताय?" दुसरं फूल धरलं, त्याचं फळ आता दोन मुठींएवढं झालंय. काल झोळी बांधली.

झोळी बांधताना मला जे आठवलं ते आता लिहितो. रात्री ठरवलं होतं की लिहायचं नाही. सकाळी देवापुढे बसलो, तर तेच समोर येऊन बसलं.

आईने आधी माझ्याकडे मागितलं होतं.

तू यायच्या आठवडाभर आधी. तिची खाट मीच खिडकीशी लावली होती, तिला झाड दिसावं म्हणून. ती म्हणाली, "लाल झाला का रे?" मी म्हटलं, "झाला." ती म्हणाली, "एक फोड दे ना. मीठ लावून." मी म्हटलं, "आई, थोरला आहे तो." ती म्हणाली, "हो का? राहू दे मग."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तेव्हा मी बाजारात गेलो, त्यातल्या त्यात मोठा टोमॅटो आणला, फोडी केल्या, मीठ लावलं आणि म्हटलं, "घे आई, तुझा थोरला." तिने सगळ्या खाल्ल्या. "छान आहे हो," म्हणाली. मला वाटलं, सुटलो.

तिसऱ्या दिवशी मी तोंड पुसायला गेलो तर हसून म्हणाली, "काल दिलास ना, आज त्याच्या थोरल्या भावाला आण."

ताई, मी हसलो नाही. मी चिडलो. मरणाच्या दारातल्या बाईवर मी ओरडलो, "आई, पुढच्या वर्षी बी कुठून आणू?" ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मी कुठेय रे?" आणि खिडकीकडे तोंड केलं. पुन्हा तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. पाणीसुद्धा हिच्याकडे मागायची.

मग तू आलीस.

मी तुला चोर म्हणालो. दहा माणसांसमोर म्हणालो. त्या दहातल्या एकालाही हे ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं का? आईने तुला सांगितलं होतं का? नऊ महिने मी बी बी करतोय. विचारायचं होतं ते हे.

धाकटा

३० जून

ताई,

सहा पानं. तू शाळेतही एवढं लिहिलं नव्हतंस. तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा वेगवेगळ्या ठिकाणी राग आला.

तर तुला ठाऊक होतं. तू आलीस त्याच रात्री आईने सांगितलं, तेही माझी बाजू घेऊन: "त्याचं बरोबर आहे, बी धरायचंय त्याला." आणि तू पेटलीस. दुसऱ्या दिवशी मी दुकानात असताना झोळी सोडलीस, आईला भरवलंस, उरलेला गर स्वतः न चाखता गाईला घातलास, आणि वाटीत जमा झालेलं बी मोरीत ओतून वरून दोन बादल्या पाणी सोडलंस. विसरून नाही. मुद्दाम. "तुला दुखेल अशी एकच गोष्ट त्या घरात होती," असं लिहितेस. बरोबर ओळखलंस. दुखलं. अजून दुखतंय. आता मोरीच्या जाळीकडे बघून माझ्या जिवाचं काय होतं ते तुला कळायचं नाही.

आणि पाचव्या पानावर, भाऊजींच्या गुडघेदुखीच्या खाली, सहज लिहावं तसं लिहितेस की पहिली फोड खाऊन आई हसली. "अगं, अगदी पाणचट आहे गं! एवढ्यासाठी इतकी वर्षं राखण केली? त्याला सांग, नाही दिलंस तेच बरं, काही अडलं नाही." आणि तुम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलात.

मी झोपेतून उठतो तेव्हा मला तिची पाठ दिसते, खिडकीकडे वळलेली. रोज. आणि तुझ्याकडे तिचं हसू होतं! 'त्याला सांग' म्हणाली होती ती. मला सांगायला सांगितलेला निरोप तू दहा महिने दाबून ठेवलास? बी मोरीत ओतलंस त्याची तुला क्षमा करता येईल, देवाने बुद्धी दिली तर. याची कशी करू? तू लिहितेस, "तू चोर म्हणालास, मग मी का सांगू?" हेही बरोबर आहे. तुझं सगळं बरोबरच असतं. लहानपणापासून.

पाणचट. आपल्या घरात हे कुणाला ठाऊकच नव्हतं. थोरला मातीत जायचा आणि झाड दमल्यावर मागून येणारी फळं मुठीएवढी, निबर, आंबट. ती भाजीत पडायची. मोठा गोड की फिका, एक्केचाळीस वर्षांत एका माणसाने चाखलं, आणि तिने सांगितलं, पाणचट.

यंदाचा लाल व्हायला लागलाय. खांद्यापाशी अजून हिरवा आहे.

धाकटा

९ जुलै

ताई,

आज सकाळी थोरला काढला. सुटायची वाट पाहिली नाही. बाबांना मनातल्या मनात सांगितलं आणि कात्री लावली. दुकानातला चांगला काटा घरी आणला होता. एक किलो तीनशे बारा ग्रॅम. मोठा नाही, गेल्या वर्षीचा याच्या दीडपट असेल.

ओट्यावर ताटली ठेवून कापला. आत पाणी नव्हतं. भरीव, लाल, बी थोडंच, कडेकडेच्या कप्प्यांत. ते चमच्याने काढून वाटीत घेतलं, वर पाणी घातलं. तीन दिवसांनी वास मारायला लागेल, मग धुऊन कागदावर पसरायचं. पाच मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं होतं.

मग एक फोड हिला दिली, एक मी घेतली. मीठ लावायचं राहिलं. हिने फोड संपवली आणि हात पुढे केला, दुसरीसाठी.

ताई, पाणचट नाहीये तो. मी चव लिहायला गेलो आणि तीन ओळी खोडल्या. गोड आहे, पण गोड म्हणून थांबता येत नाही, मागून बारीक आंबटपणा येतो आणि मग पुन्हा गोड. माझ्या तोंडात घास होता आणि मी ओट्याला धरून उभा होतो. ही म्हणाली, "बसा हो." मी खाली फरशीवर बसलो. इतकं चांगलं फळ मी आयुष्यात खाल्लेलं नाही. झाड तेच, माती तीच, बी तेच. गेल्या वर्षी ते पाणचट कसं असेल?

हे पत्र टपालात टाकत नाही. अर्धा थोरला डब्यात घातलाय, उद्याच्या सकाळच्या गाडीने निघतोय. दार उघडलंस तर पत्र वाचायची गरज पडणार नाही. नाही उघडलंस तर डबा आणि पत्र पायरीवर ठेवून समोरच्या फुटपाथवर थांबेन. तुझा राग तुझ्यापाशी ठेव, माझाही पुरता गेलेला नाही. मोरीचं मी विसरणार नाही, आणि दारातलं तू विसरू नयेस असंच मला वाटतं. पण आधी एक फोड खा. चावून, सावकाश. आणि मग मला सांग, खोटं कोण बोललं. आई तुझ्याशी, की तू माझ्याशी?

धाकटा